पट्ट्यावरचा फॅन, करंटचा फॅन आणि शेठ

शेठ कुणालाही नमस्कार करायच्या आधी त्याच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायचे. पालथा हात, लेकराच्या कपाळावर ठेवतो तसा. क्षणभर डोळे मिटायचे आणि निदान सांगायचे, "कणकण हाये," नाहीतर "ताप उतरतोय, जरा उभी राहू द्या." मग माणसाकडे वळून, "या पावणं, काय पायजे?" आता ते पुण्याला मुलाकडे असतात, सातव्या मजल्यावर. तिथं लिफ्टमध्ये शिरायच्या आधी दाराला पालथा हात लावून बघतात, असं त्यांची सून मला फोनवर सांगते. सांगताना हसते, पण काळजीनं. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, फक्त ते म्हणाले गरम आहे तर त्या दिवशी जिन्यानं जा.

जुन्नरच्या बाजारातल्या एका बोळात त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. ट्रॅक्टर, जीप, टेंपो, पाण्याचे पंप, सगळ्यांचं सामान. घराणं कित्येक पिढ्यांमागं राजस्थानातून आलेलं, पण शेठ आमच्यापेक्षा जास्त आमच्यासारखं बोलायचे. पक्के जैन. कांदा-लसूण नाही, दिवस मावळल्यावर अन्न नाही की पाण्याचा थेंब नाही, आणि प्यायचं पाणी गाळून उकळलेलं. दुकानात भिंतभर फॅनचे पट्टे टांगलेले, कोपऱ्यात फॅनची पाती रचलेली, आणि डोक्यावर मात्र फॅन नाही. गिऱ्हाईक घामानं निथळायचं. कुणी विचारलं तर शेठ समजावून सांगायचे की हवा म्हणजे नुसती पोकळी नव्हे, हवा स्वतःच जीव आहे, वायुकाय म्हणतात त्या जीवांना, आणि पातं फिरलं की ते मरतात. संसारी माणसाला सगळंच टाळता येत नाही, पण विनाकारण कशाला? एकानं विचारलंच, "मग शेठ, फॅन इकता कशाला?" शेठ त्याच्या निथळत्या तोंडाकडे बघत म्हणाले, "इंजिनाला घाम येत न्हाई. तुला येतो. तुजी सोय आतनंच हाये."

माझी त्यांची ओळख झाली ती तुटलेल्या पट्ट्यावरून. आमचं घर शिनोलीला, घोडेगावाहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर. आमच्या मालकांची, म्हणजे घरधन्यांची, जीप होती, पॅसेंजर वाहायची. पुढं त्यांच्या मणक्यांनी दगा दिला, आणि घरातलं कुणी ती जीप हातात घ्यायला तयार होईना, तेव्हा मी घेतली. मला कुणी शिकवलं नाही. वीस वर्षं मालकांच्या शेजारी बसून त्यांचे पाय बघितले होते, तेवढं पुरलं. तर फॅनचा पट्टा तुटला म्हणून मी शेठच्या दुकानी गेले, आणि म्हटलं, असला पट्टा द्या. शेठ पट्टा देईनात. त्यांचा नेमच होता, जुना पट्टा का तुटला ते कळल्याशिवाय नवा द्यायचा नाही. त्यांनी माझा तुटका पट्टा उजेडात धरला, वास घेतला, बाहेर येऊन जीपच्या बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, चालवतं कोण? मी म्हटलं, मी. मला वाटलं, आता हेही बाकीच्यांसारखं 'बाई असून' वगैरे सुरू करणार. तर म्हणाले, "आक्का, तुमी चढाला दुसरा गेर लई उशिरा टाकता."

खरं होतं. तेव्हापासून मी त्यांची झाले.

आता त्यांच्या गाडीचं सांगते, कारण सगळं रामायण तिचंच. पूर्वी साहेब लोकांना असायची तसली फुगीर, पांढरी, पडदेवाली गाडी. बाहेरून बघाल तर निवृत्त मामलेदार. आत मात्र शेठनं दुसऱ्या एका दांडग्या गाडीचं इंजिन बसवलेलं, कागदावर चढवून, रीतसर. पुणे-नाशिक रस्त्याला चौकात चकचकीत गाड्यांतली पोरं शेजारी येऊन थांबायची, पांढऱ्या कपड्यातला हा म्हातारा आणि ते पडदे बघून हसायची. दिवा हिरवा झाला की पोरं हसायची थांबायची, कारण पुढं नुसते पडदे उडताना दिसायचे.

या वयात एवढं पळवता कशाला, असं कुणी विचारलं की शेठ फार दुखावून सांगायचे की वेगाची त्यांना अजिबात हौस नाही, हे सगळं चौविहारासाठी आहे. चौविहार म्हणजे दिवस मावळायच्या आत खाणंपिणं आटोपायचं ते. पुण्याला माल आणायला जायचं, दुकानदार चारला सोडणार, आणि सूर्य काही शेठसाठी थांबणार नाही. म्हणून दांडगं इंजिन. म्हणजे बघा, मोक्षाच्या वाटेवर शंभराच्या वर काटा. आमचे मालक म्हणायचे, शेठ, डबा बरोबर न्या की, वाटेत खा. त्यावर शेठ म्हणायचे, वाटेत खाल्लं तर मग पळवायचं कशाला? आणि मग आपण काय बोलून बसलो ते लक्षात येऊन खोकायचे.

पण दांडगं इंजिन म्हणजे दांडगा ताप. गाडी मूळची शांत चालीसाठी केलेली, रेडिएटर बारका, त्यापुढं हे धूड. पुण्याच्या वाटेवर पेठ गावाच्या अलीकडच्या घाटात ती चढाला उकळायचीच. शेठचं एक वाक्य ठरलेलं होतं, "गाडीला पळायला शिकवावं लागत न्हाई आक्का, तिला गार ऱ्हायला शिकवावं लागतं." त्यांच्या गाडीला मात्र ते काही केल्या शिकवता येत नव्हतं.

आणि मग शेठाणीबाईंच्या पाण्याची गोष्ट घडली.

त्या दिवशी शेठाणीबाईंचा उपवास होता. जैनांचा उपवास म्हणजे आपल्यासारखा साबुदाण्याचा नव्हे. दिवसभर फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. घाटाखाली त्यांचे गुरू, जैन मुनी महाराजसाहेब, मुक्कामाला होते, त्यांच्या दर्शनाला दोघं गाडीनं गेले. येताना चढाला गाडीनं वाफ सोडली. बरोबर पाणी एकच, शेठाणीबाईंची बाटली. शेठनं ती उचलली आणि रेडिएटरमध्ये रिकामी केली. मला सांगताना म्हणाले, मी काही वाईट हेतूनं केलं नाही, उकळून गाळलेलं पाणी रेडिएटरला फार चांगलं, त्यात क्षार नसतात, नळ्या धरत नाहीत. आणि हे खरंही आहे. ते गिऱ्हाइकांनाही उकळलेलंच पाणी घालायला सांगायचे, मिस्त्री लोक हसायचे, पण शेठचं ऐकणाऱ्यांचे रेडिएटर कधी तुंबले नाहीत. पण शेठाणीबाई काही रेडिएटर नव्हत्या. त्या रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिल्या, दिवस मावळला, आणि त्यांची बाटली इंजिनात फिरत राहिली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शेठ म्हणायचे, बोलली असती तर मी सुटलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेठना एस.टी.त बसवलं आणि परत महाराजसाहेबांकडे नेलं. तिथं हात जोडून शेठनं पच्चक्खाण घेतलं. पच्चक्खाण म्हणजे सोडण्याची प्रतिज्ञा, गुरूसमोर घेतलेली, मोडायची सोय नसलेली. या गाडीचं पाणी माझ्या हातात परत एकदा उकळलं, तर त्या दिवसापासून जन्मभर स्टिअरिंगला हात लावणार नाही. कुठल्याच.

तिसऱ्या दिवशी शेठ शिनोलीला आमच्या अंगणात. चहा पीत नव्हते, पण त्या दिवशी कप हातात घेऊन बसले. दुकान मुलं बघत होती, घर सुना बघत होत्या. गाडी चालवू नका असं घरचे दोन वर्षं म्हणतच होते. एवढी एकच जागा उरली होती जिथं कुणी त्यांना, बाबा तुम्ही बसा, म्हणत नव्हतं. मला ते वेगळं सांगायची गरज नव्हती. आमच्या जीपचे कागद संपले आणि ती विकावी लागली, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं, आणि अजून स्वयंपाक करताना माझा डावा पाय अधूनमधून क्लच दाबायचा.

तर फॅनचा प्रश्न असा ऐरणीवर आला. तोवर गाडीला पट्ट्यावरचा फॅन होता, म्हणजे इंजिन फिरलं की पट्ट्यानं आपोआप फिरणारा. शेठच्या मनात तो काढून करंटचा बसवायचा. बॅटरीवर चालणारा, लागेल तेव्हा लावायचा, नाहीतर बंद. आमचे मालक पट्ट्याच्या बाजूचे, कट्टर. अंगणातल्या बाजेवर आडवे पडून, कमरेला पट्टा बांधून, ते फॅनच्या पट्ट्याची वकिली करायचे. म्हणायचे, तीस वर्षं जीप हाणली, पट्टा कवाच धोका देत नाही, देतो तर आधी ओरडतो. करंटचं काय सांगावं? फ्यूज गेला, तार निसटली, कळणार कुणाला? "शेठ, आपल्याकडं करंटवर इस्वास ठिवून कुणी दळण टाकत न्हाई, आन तुमी गाडी घाटात घालनार?"

शेठचं म्हणणं दोन अंगांनी होतं. एक, पट्ट्यावरचा फॅन इंजिनाची ताकद खातो, सारखा खातो, पळायच्या गाडीला ते परवडत नाही. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारं एवढं येतं की फॅनची गरजच नसते, तरी हा आपला फिरतोच आहे. आणि दुसरं, ते हळू आवाजात सांगायचे, जुन्नर ते पुणे तो विनाकारण फिरणार, म्हणजे वाटेतले किती वायुकाय गेले, विचार करा. करंटचा फॅन घाटात दहा मिनिटं लावायचा. हिंसा कमी, वेग जास्त. धर्म आणि ताकद एकाच बाजूला आल्याचा त्यांना फार आनंद झाला होता.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, पट्ट्यावरचा फॅन म्हणजे सून. दिवसभर राबते, घरात आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. करंटचा फॅन म्हणजे जावई. बोलावला की येतो, मोठ्यानं आवाज करतो, आणि बॅटरी खाऊन जातो. शेठ म्हणाले, आक्का, हे माझ्या घरी बोलू नका, तिथं दोन्ही आहेत.

मग परीक्षा झाली. आधी गाडीचा पट्ट्यावरचा फॅन. शेठनं गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान रेडिएटरच्या तोंडाशी धरलं. फॅन वारं ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. गाडी उभी, इंजिन हळू, तेव्हा कागद सुटून खाली पडला. शेठनं मालकांकडे बघितलं. मालक बाजेवरूनच म्हणाले, रेस द्या. रेस दिली, तर कागद असा चिकटला की काढताना फाटला. आता मालकांनी शेठकडे बघितलं. मग तो तात्पुरता काढून करंटचा फॅन लावून बघितला, तर इंजिन हळू असतानाही कागद चिकटला आणि रेस दिली तरी तेवढाच चिकटला, ना कमी ना जास्त. म्हणजे दोघंही खरे. हळू चालताना करंटचा बरा, इंजिन ओरडत असताना पट्ट्याचा. भांडण मिटायची शक्यता होती, पण दोघांनी ती होऊ दिली नाही. आठवडाभरात नवीन कॅलेंडरसुद्धा फाटलं.

मी मात्र एक बघितलं होतं. करंटचा फॅन कागद मधोमध ओढत होता, कडेला पान फडफडत होतं. मी आतून फुंकणी आणली आणि शेठना दाखवली. म्हटलं, चूल पेटवताना तोंडानं नुसतं फुंकलं तर वारं घरभर जातं, नळीतनं फुंकलं की निखाऱ्यावर. तुमच्या फॅनला नळी कुठाय? शेठ त्या फुंकणीकडे असे बघत राहिले की मला वाटलं, हे आता तिच्यावरही हात ठेवून ताप बघणार. तेलाचा डबा कापून त्यांनी फॅनभोवती पत्र्याचं कडं केलं, रेडिएटरला नीट भिडवून. कागद चारी कोपऱ्यांनी चिकटला. मालकांनी बाजेवर कूस बदलली आणि पाठ केली.

पट्ट्याचा फॅन उतरला. करंटचा बसला. आता एकच राहिलं, आणि तिथंच शेठ फसले.

करंटच्या फॅनला एक आपोआप चालू करणारं बटण मिळतं, रेडिएटरला लावायचं. पाणी तापलं की फॅन लागतो, निवलं की थांबतो. सगळे तेच लावतात. शेठनं ते लावलं नाही. कारण गाडी बंद केल्यावरही पाणी गरम असेल तर तो फॅन आपल्या मनानं फिरत राहतो. शेठ म्हणाले, मी आत जेवत बसलोय आणि बाहेर माझा फॅन माझ्या नकळत जीव मारतोय, हे मला चालणार नाही. हिंसा करायची तर डोळ्यानं तापाचा काटा बघून, आपल्या बोटानं करायची. म्हणून त्यांनी डॅशबोर्डवर हाताचं बटण बसवलं. मी आणि मालकांनी, आयुष्यात पहिल्यांदा एकमतानं, सांगितलं की हे नका करू. त्यांनी ऐकलं नाही.

वैशाखात, ऐन दुपारी तीनला, आमच्याच रस्त्यावरचा पोखरीचा घाट चढून बघायचं ठरलं. इथं उकळली नाही तर कुठंच उकळणार नाही. शेठ स्टिअरिंगवर, शेजारी मी, कारण तो घाट मला वळणावळणानं पाठ, आणि मागच्या सीटवर आडवे मालक. हे पंच. हरलेल्या बाजूचा माणूस पंच ठेवावा, तो सोडत नाही, असं शेठचंच म्हणणं.

पहिली वळणं मजेत गेली. इंजिनाचा आवाज गोड होता. काटा मधोमध. मग चढ वाढला, पुढं एक भरलेला टेंपो लागला, आणि आम्ही त्याच्या मागं रांगायला लागलो. काटा उठला. मी म्हटलं, शेठ, फॅन लावा. शेठ म्हणाले, "थांबा आक्का, हे वळण जाऊ द्या, पुढं वारं हाये." वळण गेलं. वारं नव्हतं. काटा अजून वर. त्यांचं बोट बटणावर होतं, मी बघत होते. नुसतं टेकलेलं. ओठ हलत होते, त्यांचा नवकार मंत्र चालला असावा. मी परत म्हटलं. ते म्हणाले, अजून एक वळण. त्यांना खरंच वाटत होतं की एका वळणाएवढे जीव वाचले तर वाचले. शेवटी काटा लाल रेघेला टेकला तेव्हा त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. घाटात, डोळे मिटून. मी देवाचं नाव घेतलं, त्यांच्या नाही, माझ्या.

वर पोचलो. शेठनं गाडी झाडाखाली घेतली आणि बंद केली. सगळं शांत. मग पुढून एक आवाज यायला लागला. डुबुक. डुबुक.

शेठ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते. "आक्का," ते म्हणाले, "जरा बघता का?"

मी उतरले. बॉनेट उघडलं. रेडिएटरचं जास्तीचं पाणी जिच्यात येतं ती बाटली तोंडापर्यंत भरून उकळत होती, अगदी भाताच्या पातेल्यासारखी, आणि झाकणाखालून वाफेचा दोरा निघत होता. खाली रस्त्यावर थेंब पडून चरचर वाजत होते. मी पदर पसरून मध्ये उभी राहिले. मागून मालकांचा आवाज आला, "उकळलं का?"

काचेतून मला शेठ दिसत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. स्टिअरिंगकडे बघत होते.

मी म्हटलं, "न्हाई. थंडगार."

"थंडगार?" मालक म्हणाले. "घाट चढून?"

"म्हंजे," मी म्हटलं, "पायजे तेवढंच गरम."

आणि चरचर निवेपर्यंत मी तिथंच उभी राहिले, काहीतरी बघतेय असं दाखवत. मालकांना उठायला दोन माणसं लागतात, ते काही बघायला आले नाहीत. त्यांनी हार मानली. घरी येऊन पट्ट्याचा फॅन ओसरीच्या खुंटीला टांगला आणि त्याच्याकडे बघत पडून राहायचे, कुणी जवळचं गेल्यासारखे. शेठनं त्यांना बुंदीचे लाडू पाठवले. मालकांनी खाल्ले, पण मोठ्या मनानं नाही. आणि शेठ गाडी घेऊन पुणे, नाशिक, मंचर, सगळीकडे. जाताना शिनोलीला हॉर्न वाजवायचे. मी हात करायचे, पण नजर बॉनेटवर, त्यांच्या तोंडाकडे बघवायचं नाही. मालकांशी खोटं बोलले त्याचं एवढं नव्हतं, ते मी बऱ्याचदा बोलते. पण त्या माणसाचं पच्चक्खाण मी माझ्या पदराआड मोडलं होतं.

भाद्रपदात जैनांची संवत्सरी येते. वर्षभरात ज्यांना दुखावलं त्यांची त्या दिवशी हात जोडून माफी मागायची, मिच्छामि दुक्कडम् म्हणून. शेठचं वर्षभरात सगळ्यांशीच वाजलेलं असायचं, त्यामुळं त्यांची माफी पुढं पंधरा दिवस पुरायची. गिऱ्हाइकांची मागायचे, रिक्षावाल्यांची मागायचे, आणि एकदा आमच्या जीपचीही मागितली होती, बॉनेटला हात जोडून. दरवर्षी शिनोलीला गाडीनं यायचे. त्या वर्षी एस.टी.नं आले. फाट्यावर उतरून चिखलातून चालत, पांढरं धोतर वर धरून.

मी ठरवलंच होतं. ते अंगणात आले तशी मी हात जोडून म्हटलं, शेठ, आधी माझं ऐका, मला तुम्हाला काही सांगायचंय.

"थांबा आक्का," ते म्हणाले. "आधी माजा नंबर." आणि माझ्यापुढं हात जोडून, मान खाली घालून, असे उभे राहिले की मला बसवेना. "मी आजवर कुनाच्याबी गाडीला हात लावल्याबिगर ऱ्हायलो न्हाई. त्या दिवशी माज्याच गाडीला लावला न्हाई. तुमाला पाठवलं. तुमी काय सांगनार, मला ठाऊक व्हतं. खोटं तुमच्या तोंडून बोलवून घेतलं आन सुटलो. मिच्छामि दुक्कडम्."

तेवढ्यात ओसरीतून मालकांचा आवाज आला.

"म्हंजे उकळलं व्हतं?"

आणि दोन माणसांशिवाय न उठणारे आमचे मालक, कमरेचा पट्टा हातात घेऊन, स्वतःच्या पायांनी बाहेर आले. चार महिने ते हरलेले होते. त्यांचा चेहरा बघून मला कळेना रडावं की त्यांना धरावं. शेठनं त्यांच्यासमोरही हात जोडले. मालक इतके खूश होते की त्यांनी एका दमात माफ केलं.

मग शेठनं खिशातून किल्ली काढली आणि बाजेवर ठेवली. महाराजसाहेबांकडे जाऊन त्यांनी सगळं सांगितलं होतं. कोण कुठं उभं होतं, कुणी काय म्हटलं, टेंपो पुढं होता, वारं नव्हतं, सगळं. महाराजसाहेबांनी एकच विचारलं, पाणी उकळलं होतं का. शेठ म्हणाले, हो. झालं. त्या कबुलीच्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, जन्मभर लावायचा नव्हता. हे सांगताना त्यांचा आवाज नीट होता, पण हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. एकदा मांडीवर ठेवायचे, एकदा गुडघ्यावर.

मी म्हटलं, शेठ, किल्ली इथं कशाला?

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मान वर केली, आणि मला त्यांच्या डोळ्यात दुकानातले शेठ दिसले. "चालवू नको असं पच्चक्खाण हाये आक्का. बाजूला बसू नको असं न्हाई. मी महाराजसाहेबांना दोनदा इचारून घेतलंय."

मी किल्ली उचलायला जरा वेळ लावला. लगेच उचलली असती तर बरं दिसलं नसतं. पण मग एक अट घातली. फॅनचं मी ठरवणार. दोघंही बघायला लागले, मालक खुंटीकडे आणि शेठ माझ्याकडे. मी म्हटलं, फॅन करंटचाच राहू दे, कड्यासकट, फॅनची काही चूक नव्हती. पट्ट्याचा असता तर त्या चढाला रांगताना त्यानंही काय उजेड पाडला असता सांगता येत नाही. चूक बोटाची होती. ते डॅशबोर्डवरचं बटण काढा आणि रेडिएटरला आपोआपचं लावा. इंजिनाला तापलं वाटेल तेव्हा ते फॅन मागून घेईल, आपल्याला विचारणार नाही. शेठनं वायुकायाचं काही बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. गाडी माझ्या हातात होती.

आठ दिवसांनी त्यांच्या मुलानं गाडी शिनोलीला आणून लावली. शेठ शेजारी बसले, हात मांडीखाली दाबून, म्हणजे चुकून कुठं जाऊ नयेत. मी सीट पुढं ओढली, उशी घेतली, आणि इंजिन चालू केलं. दीड-दोन वर्षांनी पाय क्लचवर खरोखरीचा पडला. मी भीमाशंकरच्या अंगानं निघाले. पहिली दहा मिनिटं शेठ काट्याकडे बघत होते, मी तिसरा टाकला की त्यांचा डावा पाय हलायचा, ब्रेक दाबला की उजवा. मग कधीतरी त्यांनी काट्यावरची नजर काढून खिडकीबाहेर टाकली, दुसरं बघायला काही उरलं नाही म्हणून.

डिंभ्याचं धरण त्या दिवसांत काठोकाठ असतं. रस्ता वर चढला की ते डाव्या-उजव्या हाताला मध्येच दिसतं, मध्येच लपतं, डोंगरांच्या पायात शिरलेलं, लांबच लांब.

"आक्का," शेठ म्हणाले, "हे एवढं पानी कवा आलं?"

मला वाटलं गंमत करतायत. बघितलं तर तोंड उघडं. मी म्हटलं, शेठ, हे धरण आहे, कित्येक वर्षं इथंच आहे. ते म्हणाले, पण मी या रस्त्यानं किती वेळा गेलो असेन. मी म्हटलं, लई वेळा.

त्यांनी काच खाली केली. मग म्हणाले, "थांबवा जरा."

मी कडेला घेऊन गाडी उभी केली. शेठ उतरले, धोतर सावरत कठड्यापाशी गेले आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. वारं होतं. चढानं आलेलं इंजिन तापलेलं होतं, आणि मी चालूच ठेवलं होतं. थोड्या वेळानं पुढून टक्क झालं आणि फॅन आपला आपण सुरू झाला, मोठ्यानं. शेठनं मागं वळून पाहिलं नाही.